ज्या गाडीचं तिकीट मिळत नाही

"अहो स्टुडिओ, बल्ब चालू?"

सकाळी मी शटर पुरतं वर करायच्या आत मागच्या पडवीतून हा प्रश्न यायचा. नमस्कार नाही, चहा झाला का नाही, थेट बल्ब. मी "चालू आहे हो काका!" असं ओरडायचो आणि मगच त्यांच्या घशाखाली चहा उतरायचा. वीसएक वर्षं हे रोज चाललं. सुरुवातीला मला त्याचा असा काही वैताग यायचा की विचारू नका. आता त्या पडवीतून मांजरसुद्धा ओरडत नाही.

काका म्हणजे माझे घरमालक. रत्नागिरीत त्यांच्या चिऱ्याच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे माझा फोटो स्टुडिओ. माणसांना नावानं हाक मारायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. मी 'स्टुडिओ', समोरचा वाणी 'काटा', पोस्टमन 'टपाल'. माझं लग्न झालं त्या दिवशी बायकोला म्हणाले, "या, सौ. स्टुडिओ." ती बिचारी माप ओलांडता ओलांडता माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

काकांची नोकरी पोफळीच्या वीजघरात झालेली, त्यामुळे घरातल्या विजेवर त्यांचंच राज्य. वायरमनला फाटकाच्या आत पाऊल टाकायची बंदी. घरमालक म्हणजे भिंतीत खिळा ठोकू न देणारा प्राणी, असं आपण समजतो. हे गृहस्थ मी खोली भाड्यानं घेतली त्याच आठवड्यात स्वतः शिडी घेऊन आले आणि माझ्या सागवानी कपाटाच्या तळाच्या खणात पंधरा वॅटचा बल्ब बसवून गेले. आमच्याकडे जून ते सप्टेंबर चामड्याच्या चपलेला दाढी येते. लेन्सच्या आत बुरशीची जाळी चढते, निगेटिव्ह एकमेकींना चिकटतात. कपाटात बारा महिने चोवीस तास एक बारका बल्ब जळत ठेवला की आतली हवा कोरडी राहते. वरचे दोन खण माझ्या कॅमेऱ्यांना, खालचे दोन काकांच्या निगेटिव्हना, असा करार झाला. त्यांच्या घरात मागच्या बाजूला विहीर, भिंती सदा ओल्या. म्हणून त्यांचा सगळा खजिना माझ्याकडे.

खजिना कसला, तर रेल्वेचा. आणि रेल्वे कुठली, तर मिलिटरीची.

दारूगोळ्याच्या डेपोत, लष्कराच्या कोठारांत, कारखान्यांच्या आवारात छोट्या छोट्या रेल्वे असायच्या. अडीच फूट रुंदीचे रूळ, खेळण्यापेक्षा जरा मोठं इंजिन, मागे चार डबे. या दारातून आत, त्या शेडपर्यंत, परत. काकांना त्याच हव्या असत. आता बघा, रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा साधी रेल्वेसुद्धा नव्हती. रूळ बघायचे तर घाट चढायला लागायचा. अशा गावात हा माणूस मिलिटरीच्या रेल्वेचे फोटो जमवत बसलेला. गल्लीत लोक त्यांना 'अर्जवाले' म्हणत आणि कपाळाकडे बोट नेऊन गोल फिरवत. मीही फिरवलंय, खोटं कशाला बोलू.

पुढे कोकण रेल्वे आली. पहिली गाडी बघायला अख्खं गाव हार-नारळ घेऊन स्टेशनावर. वाणी दुकान बंद करून गेला. मी तर रोल भरून दोन कॅमेरे घेतले आणि काकांना न्यायला मागे गेलो. काका अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होते.

"चला ना काका! आपली रेल्वे आली!"

"तिचं तिकीट मिळतं ना हो?"

"मिळतं की!"

"मग मी कशाला येऊ? ज्या गाडीचं तिकीट मिळत नाही ती बघायची असते."

काकू आतून म्हणाल्या, "अरे, जा तू. ह्यांच्या नादाला लागलास तर तुझी पण गाडी जाईल." काकू म्हणजे एकदम कोकणी मिरची. मूलबाळ नाही, नवऱ्याला रुळांचं वेड, गुडघे दुखरे, पण जिभेला कधी गंज नाही.

तर अशा गाड्यांचे फोटो काढायला परवानगी लागते, आणि काकांनी परवानगीशिवाय उभ्या आयुष्यात एक फोटो काढला नाही. कुंपणाबाहेरून काढा, झाडावर चढून काढा, असले सल्ले देणाऱ्याला ते पडवीतून उठवायचे. त्यांचा मार्ग एकच, अर्ज. सोमवारी माझा स्टुडिओ बंद. त्या दिवशी ते माझ्या काउंटरवर कागद पसरून बसत. आधी मराठीत कच्चा, मग इंग्रजीत पक्का. 'विषय : आपल्या आवारातील लोहमार्गाची छायाचित्रे घेण्यास परवानगी मिळणेबाबत.' खाली सही, सहीखाली रेघ, रेघेखाली टिंब.

आणि तीन फायली. पहिलीवर लिहिलेलं 'होकार', ती जेमतेम बोटभर. दुसरी 'नकार', ती उशीएवढी. तिसरी 'मौन'. ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्यांना केलेल्या अर्जांच्या स्थळप्रती तिच्यात. नकार आला की हा माणूस पेढा मिळाल्यासारखा खूश व्हायचा. पत्र हलवत स्टुडिओत यायचे, "आला हो स्टुडिओ, नकार आला!"

मी एकदा चिडून म्हटलं, "काका, त्यांनी तुम्हाला हाकललंय. पेढे कसले वाटताय?"

"हाकललं कुठे? कोणीतरी बसून आपला अर्ज वाचला, सही केली, जे आहे ते खरं कळवलं. एवढं तरी कोण करतं? वाईट ते हे," असं म्हणून त्यांनी तिसऱ्या फाईलीवर टिचकी मारली.

कधी कधी काय व्हायचं, तीन-चार वर्षांनी एखाद्या ठिकाणाहून नकार यायचा. मग काका तो अर्ज मौनातून काढून समारंभानं नकारात लावायचे आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं लिहायचे, 'उशिरा, पण आले.' त्या लाल पेन्सिलीला घरात दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. काकूंनी एकदा तिनं वाण्याची यादी केली, तर दोन दिवस अबोला.

हे वेड आलं कुठून, ते मला फार उशिरा कळलं. त्यांचे वडील देशावरच्या एका दारूगोळ्याच्या डेपोत सांधेवाले होते, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे. (डेपोचं नाव लिहीत नाही. काका असते तर म्हणाले असते, "नाव छापायला परवानगी घेतलीत का?") वडील रोज सकाळी त्या मोठ्या दारातून आत जायचे आणि संध्याकाळी बाहेर यायचे. आत काय करतात ते घरात सांगायची बंदी. पोरानं विचारलं तर म्हणायचे, "गाडी येते, खटका ओढतो, गाडी जाते." काका क्वार्टरच्या पायरीवर बसून शिट्ट्या मोजायचे. वडील गेले तेही आतच, कामावर असताना. कशानं गेले तेही घरच्यांना धड कळलं नाही. काका तेव्हा बारा वर्षांचे होते. त्या डेपोला त्यांनी पहिला अर्ज केला तो पोफळीला नोकरी लागली त्या वर्षी. तो मौनात गेला. मग दुसरा, तिसरा. किती केले ते मला माहीत नाही. होकार आला तेव्हा काकांचे केस पांढरे झाले होते, आणि तोही कशामुळे, तर ती लाईन आता उखडायची होती.

परवानगी दोन माणसांची होती, छायाचित्रकार आणि मदतनीस. मदतनीस म्हणून मी गेलो. काका लग्नातला काळा कोट घालून एसटीत बसले आणि पायात कॅनव्हासचे बूट. म्हटलं, "काका, कोटाखाली हे काय?" म्हणाले, "चामडी बुटाला खिळे असतात. खिळा दगडावर घासला की ठिणगी. आत चालत नाही." दारावर हवालदारानं काडेपेटी जमा करायला सांगितली. मी तेव्हा ओढायचो. काडेपेटी मोज्यात लपवली होती. काका खाली वाकले, मोज्यातून ती काढली आणि हवालदाराला दिली. वर मला म्हणाले, "स्टुडिओ, अहो दारूगोळा आहे तो, सत्यनारायण नाही." माझी फ्लॅशगनही दारातच ठेवून घेतली. फ्लॅश नको, फक्त रूळ, माणूस नको, शेड नको, असं आमच्याबरोबरच्या सुभेदारांनी बजावलं. साताऱ्याकडचे होते, मिशीवाले, आवाज खर्जातला. काकांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. हे सगळं परवानगीपत्रात होतंच. फोटो झाल्यावर तिथल्या साहेबांनी निगेटिव्ह तपासायच्या, नको त्या जागी पंचनं भोक पाडायचं, सगळ्या प्रिंट डेपोत जमा करायच्या, निगेटिव्ह तेवढ्या अर्जदाराजवळ. काकांना ते पाठ होतं.

आत गेल्यावर मी तर बघतच राहिलो. गवत भादरलेलं, रूळ ऊन पिऊन चकाकतायत, इंजिनाला जास्वंदीचा हार. काका झपझप चालायला लागले. कधी न पाहिलेल्या जागी हा माणूस असा चालत होता जणू काही रोजच्या भाजीला निघालाय. "इथे एक लांब शिट्टी. इथे दोन आखूड," असं पुटपुटत तिसऱ्या वळणावर थांबले. तिथे सांध्याचा खटका होता. लोखंडी दांडा, वरची मूठ झिजून गुळगुळीत झालेली. काकांनी त्यावर हात ठेवला. मी कॅमेरा लावला. लावतोय तोच त्यांनी हात काढून घेतला.

"ठेवा ना काका."

"माणूस नको म्हणालेत."

"अहो हातच आहे! आणि सुभेदार तिकडे बघतायत."

सुभेदारांनी ऐकलं. ते खाकरले आणि म्हणाले, "काका, मी पाठ फिरवतो. काढा काय ते."

काका म्हणाले, "तुम्ही पाठ फिरवलीत म्हणून परवानगी होत नाही, साहेब."

सुभेदार क्षणभर चिडले असावेत. मग विचारलं, "कोण होतं इथं तुमचं?" काकांनी सांगितलं. सुभेदारांनी आमचा गेटपास मागून घेतला आणि त्याच्या पाठीवर लिहिलं, 'एक फोटो, हातासह.' खाली सही. मग काकांनी कोटाची बाही सरळ केली, मुठीवर हात ठेवला आणि मी बटण दाबलं. एकदाच. दुसरा काढू दिला नाही, कारण परवानगी एकाची होती.

त्या दोन रोलांतल्या बऱ्याच निगेटिव्हना साहेबांनी भोकं पाडली. खटक्याची मात्र अखंड राहिली. प्रिंट मीच काढल्या, मागे नेहमीसारखा माझ्या स्टुडिओचा शिक्का मारला आणि सगळ्या रजिस्टर पोस्टानं डेपोत गेल्या. स्वतःसाठी एक काढा म्हटलं तर, "पत्रात काय लिहिलंय? प्रिंट जमा, निगेटिव्ह अर्जदाराजवळ." संपलं. मग सोमवारी अर्ज लिहून झाले की ती एक पट्टी कपाटातून काढायची, माझ्या लाईट बॉक्सवर ठेवायची आणि भिंगातून बघायची. काळं आकाश, पांढरा दांडा, काळा हात. काकू म्हणायच्या, "मला एकदा तरी कागदावर दाखवा हो. हे भुतासारखं मला नाय कळत." काका म्हणायचे, "नियमात नाही गं."

मी एक प्रिंट चोरून काढून ठेवली असती तर! डार्करूम माझी, कागद माझा. पण नको तिथे बरोबर माझ्या अंगात प्रामाणिकपणा आला.

पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

एका वर्षी किनाऱ्यावर बंदोबस्त वाढला. होड्यांची तपासणी, लॉजच्या वह्यांची तपासणी. काका जुन्या सोबत्याच्या घरचं लग्न म्हणून चार दिवस पोफळीला गेले होते. काकू गुडघ्यांमुळे घरीच. दुपारी एक पोलीस शिपाई आला आणि विचारलं, "मिलिटरीच्या रेल्वेचे फोटो इथं कोण धुवायला देतं?"

माझ्या तोंडून निघालं, "कोणी नाय. इथं पासपोर्ट साईझ आणि लग्नं."

"आठवून बघा हां. वरून कागद आलाय. परवा साहेब स्वतः येतील."

तो गेला आणि मी शटर अर्धं खाली ओढलं. मुलीचं लग्न त्याच महिन्यात ठरलं होतं. पेपरात नाव आलं तर? सोयरे काय म्हणतील? स्टुडिओला सील लागलं तर? पोफळीला फोन करता आला असता. मागे जाऊन काकूंना विचारता आलं असतं. दहा पावलांवर होत्या. नाही विचारलं. प्रत्येक पाकिटावर काकांनी लाल पेन्सिलीनं परवानगीचा क्रमांक घातलेला होता, गेटपासची नक्कल आत होती. मी ते सगळं वाचलं. वाचून, सगळं कायदेशीर आहे हे कळून, तरी पाकिटं फाडली. भ्यालेल्या माणसाला अक्षरं दिसतात, अर्थ दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी हुपरीकडचा चांदीवाला आला. त्याची तीन महिन्यांची फेरी असायची. फोटो धुतलेल्या हायपोच्या जुन्या पाण्यात चांदी उतरते, काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्येही असते. ते सगळं तो घेऊन जायचा आणि पुढच्या फेरीला एखादी बारकी चांदीची वस्तू आणून द्यायचा. मी काकांचे दोन्ही खण त्याच्या पोत्यात रिकामे केले. त्यानं एक पट्टी उजेडात धरली. "रेल्वे दिसतीया की हो. नको म्हणता ह्या?"

"खराब झाल्यात. ने."

तिसऱ्या दिवशी साहेब आले. भला माणूस. चहा घेतला, खिशातून पत्र काढलं. डेपोनं जुन्या वस्तूंची एक खोली मांडायला घेतली होती. तो खटका त्यांनी जपून ठेवला होता, पण तो मूळ जागी उभा असतानाचं एकही चित्र त्यांच्याकडे उरलं नव्हतं. प्रिंटना वाळवी लागली. एका तुकड्याच्या मागे माझा शिक्का तेवढा वाचता येत होता. म्हणून पोलिसांमार्फत चौकशी की ते छायाचित्रकार गृहस्थ हयात आहेत का, निगेटिव्ह देतील का, आणि उद्घाटनाला पाहुणे म्हणून येतील का.

पत्र काकांसाठी ठेवून साहेब गेल्याबरोबर मी हुपरीला फोन लावला. चांदीवाला म्हणाला, "आल्या आल्या धुतल्या की. आता काचंगत कोऱ्या झाल्यात. पाठवू का?"

संध्याकाळी काका पोफळीहून आले. पत्र मी त्यांच्या हातात दिलं. तेवढं तरी लपवायची हिंमत झाली नाही. त्यांनी उभ्यानं वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं.

"स्टुडिओ, अहो, त्यांनी मला अर्ज केलाय! अगं ए, ऐकलंस का? त्यांनी मला अर्ज केलाय!"

काकू भिंतीला धरत धरत आल्या. काका त्यांना म्हणाले, "आता बघशील तू कागदावर. मोठा करून लावतील. तुला घेऊनच जातो." मग माझ्याकडे वळले. "उघडा कपाट."

मी म्हटलं, "काका, बल्ब चालू होता. पण बुरशी आली हो. सगळ्या चिकटून गोळा झाल्या. टाकून द्याव्या लागल्या."

का म्हटलं असं? बल्ब गेला होता म्हटलं असतं तर दोष माझ्यावर आला असता. तेवढाही मला नको होता. काका उठले, कपाट उघडलं, रिकामे खण पाहिले, वाकून बल्बजवळ हात नेला. "एखादी तुटकी तरी?" मी मान हलवली. त्यांनी बल्बवरचा वॅटचा आकडा वाचला. मग म्हणाले, "पंधरा वॅट कमी पडला. खण चार आहेत, पंचवीसचा हवा होता. माझाच अंदाज चुकला." वीजघरात जन्म घालवलेला माणूस, आणि मी त्याला विजेतच चूक ठरवलं. काकू माझ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी कपाटात पंचवीसचा बल्ब बसवला. "तुमच्या लेन्स तरी वाचू देत," म्हणाले. त्यानंतर दर वर्षी मेअखेरीला नवा बल्ब आणून द्यायचे, जुना चालू असला तरी. पण सकाळी पडवीतून "अहो स्टुडिओ, बल्ब चालू?" हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. सोमवारचे अर्जही थांबले. मी विचारलं तर म्हणाले, "ठेवायचे कुठे?"

आणखी एक सांगतो. चांदीवाल्यानं पुढच्या फेरीला त्या पोत्याचा म्हणून एक चांदीचा चमचा आणून दिला. मी तो कपाटाच्या मागे टाकला होता. नात झाली, तिच्या उष्टावणाला बायकोला तो सापडला. आधी मामानं, म्हणजे माझ्या मुलानं, खीर भरवली, मग काकांना बोलावलं. काकांनी चमचा उजेडात धरून पाहिला, "छान आहे हो," म्हणाले आणि पोरीला हळूच भरवलं. मग काकूंची पाळी. काकूंनी चमचा बाजूला सारला, बोटातली सोन्याची अंगठी काढली, खिरीत बुडवली आणि ती चाटवली. मला वाटलं, जुनी रीत असेल.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. झोपेतच गेले. यंदा काकू घर बंद करून पावसला भाच्याकडे निघाल्या. आवराआवर करताना त्यांनी मला हाक मारली आणि तीन फायली पुढे ठेवल्या. "ह्या तुला द्यायला सांगितल्या होत्या त्यांनी. पावसला कोण वाचणार?"

घरी नेऊन मी नकाराची फाईल उघडली. सगळ्यात वर एक स्थळप्रत होती. इतक्या लोकांचे नकार झेललेल्या माणसानं स्वतः दिलेला एकमेव नकार. डेपोला लिहिलेलं उत्तर. 'मागणी केलेल्या निगेटिव्ह दमट हवेमुळे नष्ट झाल्या आहेत, हे कळविण्यास अत्यंत खेद होतो. कपाटातील बल्ब निम्नस्वाक्षरीकाराने बसविला होता व त्याची क्षमता अपुरी ठरली. निगेटिव्ह सांभाळणारे माझे भाडेकरू यांचा यात काहीही दोष नाही.' खाली सही, सहीखाली रेघ, रेघेखाली टिंब.

मी तीन दिवस धड जेवलो नाही. चौथ्या दिवशी काकांना लिहायला कागद घेतला. 'विषय : आपल्या निगेटिव्ह मी स्वतः चांदीसाठी दिल्याबाबत.' सगळं लिहिलं, शिपायापासून चमच्यापर्यंत. दोन पानं झाली. फायली काखोटीला मारून पावसला काकूंकडे गेलो. त्यांना आता अक्षर दिसत नाही, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं.

काकू म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. पडवीतून बघितलं मी तुला, पोतं भरताना. त्यात काय गेलं ते कपाट उघडल्यावर कळलं."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

"सांगणार होते. त्याच संध्याकाळी सांगणार होते. मग त्यांनी दोष स्वतःवर घेतला, आणि मला वाटलं, आता तूच बोलशील. आज बोलेल, उद्या बोलेल. ते जाईपर्यंत वाट बघितली रे मी." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "त्यांनी काय केलं असतं तुला? तारीख घालून फाईलला लावलं असतं."

खरं होतं. जगातल्या कुठल्याही 'नाही'ला त्या माणसाजवळ जागा होती. मी त्यांना साधी 'नाही'सुद्धा दिली नाही.

"कुठल्या फाईलला लावू, काकू?"

"तूच ठरव."

मी तिसरी फाईल उघडली आणि माझं पत्र मौनात लावलं. फाईलीच्या खिशात लाल पेन्सिल होती, टोक केलेली. तिला मी हात लावला नाही.